तोडीआधीची तारीख

केडगाव स्टेशनवर तिसऱ्यांदा फोन कट झाला आणि मी ओरडलोच, "आजच सिमची कंपनी बदलतो!"

बाकावरच्या अनोळखी मावशी कोयत्यानं घट्टे पडलेला हात नाचवत हसल्या. "दादा, रिचार्ज कवा संपतंय ते बघितलं का? तारीख बघितल्याबिगर ऊस तरी तोडत्यात व्हय?"

बघितलं. वर्षाच्या रिचार्जचे सात महिने शिल्लक! "मावशी, वाचवलंत!"

"माझं आजच संपतंय. उद्यापासनं दुसरी कंपनी."

मग गाडीत दौंडपर्यंत त्यांनी सगळं माहेर फोनवर गोळा केलं. शेवटी अबोला धरलेल्या जावेलाही लावला. "व्हय, मीच! आज संपतंय म्हणून केला गं," म्हणाल्या आणि डोळे पुसत हसत सुटल्या.

त्यांचं नाव विचारायचं राहिलं. माझ्याकडे सात महिने होते, तरी दौंडच्या फलाटावरूनच मी बोलणं बंद असलेल्या भावाला फोन लावला.