बारा कपांचा अर्थ

जगातली कुठलीही वस्तू नुसती वस्तू असते, यावर माझ्या साडूचा कधी विश्वासच बसला नाही. माणूस तसा साधा. गिरणीत कापडछपाईच्या खात्यात होता. संपात गिरणी सुटली आणि हिंडून हिंडून मालाडला एका स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडे लागला. दिवसभर लग्नपत्रिका छापायच्या. पण मालक पडला चित्रकलेच्या शाळेत शिकलेला. मधूनच लहर आली की तो साबणाची वडी, रॉकेलचा डबा असलं काहीतरी भडक रंगांत छापायचा. वीसच प्रती. प्रत्येकीवर खाली पेन्सिलीने नंबर घालायचा आणि मग छपाईची जाळी धुऊन टाकायची, म्हणजे एकविसावी निघणे नाही. याला पॉप आर्ट म्हणतात हे साडूला कळलं आणि आमची सगळ्यांची वाट लागली. दिवाळीला लोक घरी मिठाई नेतात. हा 'सात बाय वीस', म्हणजे विसांतली सातवी प्रत, घेऊन आला. चित्रात चपलांचा जोड! ऐन लक्ष्मीपूजनाला! ताईने, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने, तो देव्हाऱ्यापासून लांबच्या खिळ्याला टांगला.

बघता बघता कांदिवलीच्या त्या दोन खोल्यांत भिंत म्हणून दिसेना. घरात पाऊल टाकलं की परीक्षा. मी आपला "झकास आहे रे" म्हणून सुटका करून घ्यायला बघायचो, तर हा हात धरून ठेवायचा. "झकास म्हणजे काय? अर्थ सांग!" माझा अर्थ दर वेळी चुकायचा. नऊ साबणांचं एक चित्र होतं. त्यातला एक साबण तिरका. साडूच्या मते ते नवग्रह आणि तिरका तो शनी. एकदा खुद्द मालक घरी आला असताना ते ऐकून हसत सुटला. "अहो, छापताना जाळी सरकली होती!" साडू शांतपणे म्हणाला, "पण ती नेमकी तिथेच का सरकली, याचा विचार केलात?" रंग उडू नयेत म्हणून हा भर दुपारी खिडक्या लावून घ्यायचा आणि ताई त्या कोंदटात दिवा लावून तांदूळ निवडायची. तिला कोणी अर्थ विचारला तर म्हणायची, "माका त्यातला कायएक कळणा नाय." साडू हसून सोडून द्यायचा. मीही हसायचो, आता लाज वाटते.

मग ताईला घास गिळवेना. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी साडूला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, घरी न्या, जे मागतील ते द्या. ती काही मागणाऱ्यातली नव्हतीच. तिची खाट बाहेरच्या खोलीत आणली. साडूने रजा टाकली आणि मालकाने नुकतंच छापलेलं चित्र त्याने तिच्या समोरच्या भिंतीवर लावलं. चहाचे बारा कप, तीन रांगा, शेवटचा नुसता पांढरा. साडूने ध्यासच घेतला. जिन्यात मला म्हणाला, "जायच्या आधी तिला एक तरी चित्र कळायला हवं रे. एक तरी." अरे बाबा, आता कशाला छळतोस तिला, असं ओठांवर आलं होतं, पण त्याचा चेहरा बघून नुसती मान डोलावली. रोज उशाशी बसून तो सांगायचा. बारा कप म्हणजे बारा महिने, पांढरा म्हणजे वैराग्य. ती डोळे मिटून घ्यायची.

एका रविवारी मी आणि बायको तिथेच होतो. साडूचं प्रवचन चाललं होतं. अचानक ताई बोलली, आवाज अगदी खोल गेलेला. "बारा महिने खंयचे? बायलमाणसान सगळ्यांका चाय दिल्यान. शेवटचो कप तिचो. तिच्यासाठी उरली नाय."

साडू सवयीने "नाही गं" म्हणायला गेला आणि थांबला. मग हळूच विचारलं, "पण ती बाई चित्रात कुठे आहे?"

"ती कशी दिसतली? ती आत स्टोव्हकडे आसा."

त्या खोलीत इतकी वर्षं आम्ही जे जे अर्थ सांगत बसलो, त्या प्रत्येकाला चहा तिनेच आणून दिला होता. माझ्या बायकोने तोंडाला पदर लावला. साडू उठून चहा करायला आत गेला. साखरेचा डबा कुठे असतो हे त्याला ठाऊक नव्हतं, सगळी भांडी वाजवली, पण कोणाला आत येऊ दिलं नाही. बशीत निववून चमच्याने तिला पाजायला बसला. दोन चमचे गेले. तिसरा ओठाच्या कडेने खाली आला, तो त्याने बोटाने पुसला. "साखर जास्त झाली काय गं?" ती म्हणाली, "बरी आसा." आठव्या दिवशी ताई गेली.

साडू अजून चित्रं आणतो. गेल्या खेपेला नवीन होतं, दोरीवर वाळत घातलेला एक सदरा. तो काही विचारीना, म्हणून मीच म्हटलं, "काय रे, याचा अर्थ काय?"

"हिला विचारायला हवं होतं रे," तो म्हणाला. "पहिल्यापासूनच."