विमानाने तापवलेलं पाणी

नळ सोडला आणि गरम पाणी आलं, तर ते कुणी तापवलं, असा प्रश्न तुम्ही कधी स्वतःला विचारला आहे का? आमच्या धायरीतल्या सोसायटीच्या बी विंगमध्ये बारा फ्लॅट आहेत. बारापैकी एकानेही विचारला नाही. ते पाणी माझ्या वडिलांच्या विमानाने तापवलं होतं.

विमान म्हणजे अजून फक्त इंजिन. बाकीच्या विमानापैकी पंखाच्या चार फासळ्या माझ्या पलंगाखाली आहेत (झाडू मारताना लागतात) आणि शेपूट कागदावर आहे. इंजिन मात्र खरं. ते एका जपानी स्पोर्ट्स गाडीचं. कुण्या बड्या बापाच्या लेकाने ती गाडी बायपासच्या कठड्यावर घातली, ती भंगारात गेली आणि भंगारात ती पप्पांना दिसली. पप्पा आयुष्यभर पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर होते. त्यांनी मला समजावलं होतं की साध्या इंजिनात दट्ट्या वर-खाली होतो आणि या इंजिनात तिकोनी रोटर लंबगोल पोकळीत गरगर फिरतो. वजन कमी, भाग कमी, थरथर नाही. म्हणून जगभरातले काही वेडे हे इंजिन गाडीतून काढून घरी बांधलेल्या विमानाला बसवतात. पप्पा रिटायर झाले आणि वेड्यांची संख्या एकाने वाढली.

हे इंजिन जेवणाच्या चार पुडांच्या डब्यासारखं असतं. एकावर एक जाड लोखंडी चकत्या आणि त्यांच्यातून आरपार गेलेले लांब बोल्ट. पप्पांनी ते सुटं केलं आणि एकेक चकती खांद्यावर घेऊन जिन्याने गच्चीवर नेली. चार मजले, अकरा खेपा. जिन्यात सगळे भेटले. काय नेताय, असं कुणी विचारलं नाही. मीही नाही. मला वाटलं, कुंड्या असतील.

आता माझ्याबद्दल. दिवसा मी हिंजवडीतल्या एका कंपनीसाठी ॲपमधली वाक्यं लिहिते. ('काहीतरी चुकलं. कृपया पुन्हा प्रयत्न करा' हे माझं.) उरलेल्या वेळात मी पत्रकं लिहिते. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पुस्तिका होत्या. आजोबा चौदा एप्रिलला पुस्तिकांचा स्टॉल लावायचे आणि उरलेल्या घरी आणायचे. त्यामुळे राक्षस, राजकन्या वगैरे मला उशिरा कळले; कामाचे तास आणि पाणवठ्याचा हक्क आधी कळला. अन्याय दिसला की माझा हात पेनकडे जातो. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच होतो, पण मी रात्री नऊला येणार आणि लिहायला बसणार. पप्पा ताट धुऊन ठेवायचे आणि म्हणायचे, "वर जाऊन येतो जरा." मी मान हलवायची. महिनोन् महिने आमचं संभाषण एवढंच.

आणि मग दाराला नोटीस चिकटली. गच्ची ही सामाईक जागा आहे, सबब तिथली 'यांत्रिक वस्तू' आठ दिवसांत हलवावी, अन्यथा सोसायटी हलवेल. खाली सही सेक्रेटरी पानसे यांची. पप्पा त्यांना भेटायला गेले, तर पानसे म्हणाले की विमानतळ लोहगावला आहे, आपल्याकडे रिक्षासुद्धा यायला नाही म्हणते. आम्ही राहायला आलो तेव्हा याच पानशांनी पप्पांना आडनाव दोनदा विचारलं होतं. ते मी विसरले नव्हते. (पप्पा तेव्हा म्हणाले होते, "कमी ऐकू येत असेल त्यांना.")

पप्पांनी नोटीस घडी घालून खिशात ठेवली. एवढंच म्हणाले की इंजिन एकदा खाली उतरलं तर त्यांच्या गुडघ्यांनी ते परत चढणार नाही आणि दोन खोल्यांच्या घरात ते मावणार नाही. म्हणजे भंगारातून आलं, भंगारात गेलं. मग त्यांनी ठरवलं, आठ दिवसांच्या आत ते एकदा तरी चालवून बघायचं.

अडचण होती पाण्याची. हे इंजिन फार तापतं. पप्पांनी जुन्या गाड्यांच्या एसीतल्या जाळ्या काढून त्यांचे रेडिएटर केले होते, पण त्या जाळ्यांना उडत्या विमानाचा वारा लागतो. गच्चीवर उभ्या इंजिनाला वारा कोण घालणार? तेव्हा त्यांची नजर सोलरच्या टाकीवर गेली. पाचशे लिटरची ती टाकी गळते म्हणून सोसायटीने कित्येक वर्षांपूर्वी बंद केली होती. पप्पांनी गळती बुजवली, टाकी पाइपने भरली आणि इंजिनाचं पाणी तिच्यातून फिरवायची सोय केली. टाकीतून खाली फ्लॅटकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद आहे, अशी त्यांची समजूत होती. व्हॉल्व्हची समजूत वेगळी होती.

हे सगळं त्यांनी मला दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा मी प्रूफ तपासत होते. शनिवारी ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"उद्या सातला वर येशील का? एका हाताने पेट्रोल वाढवायचं, डोळे तेलाच्या काट्यावर. पाण्याच्या काट्याकडे बघायला कुणीतरी पाहिजे."

"पप्पा, मी तुमच्यासाठीच लिहितेय."

"बरं," ते म्हणाले.

पत्रक जबरदस्त झालं होतं. शीर्षक: 'गच्ची कोणाची?' चार पानं, सात मागण्या. शेवटी ठळक अक्षरांत लिहिलं होतं की जे सामाईक आहे त्याचा उपभोग प्रत्येकाने निर्भयपणे घ्यावा. रविवारी सकाळी सातला पप्पा पेट्रोलचा कॅन घेऊन वर गेले आणि मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन खाली. तळमजल्यापासून सुरुवात, असा माझा शिरस्ता आहे. क्रांती खालून वर जाते.

इंजिन सुरू झालं तेव्हा मी पहिल्या मजल्यावर होते. आवाज असा, की खिडक्यांच्या काचा किणकिणल्या. पण आमच्याकडे खडकवासल्याच्या बाजूने हेलिकॉप्टरं येतच असतात. कुणी वर बघितलं नाही. त्यात वीज गेलेली, थंडी कडाक्याची, गीझर थंड आणि सगळी विंग चिडचिडी. दोन दारं माझ्या तोंडावर बंद झाली. तिसरं उघडलं ते जगदाळे आजींचं. आजी मूळच्या धायरी गावच्या. सोलरचा मेलेला नळ त्या रोज सकाळी एकदा फिरवून बघत. सोलर बसवलं तेव्हा पैसे भरलेत म्हणून.

"आगं, पाणी बघ की," आजी म्हणाल्या. "कढत हाय."

मी हात लावून पाहिला. खरंच कढत! इथे माझ्या जागी कुणीही शहाण्या माणसाने विचार केला असता की वीज नाही, ऊन नाही, मग सोलर चाललं कशावर? मी शहाणी नव्हते, मी प्रचारावर होते. मला त्यात फक्त सामाईक मालकीचा विजय दिसला. मी मागे फिरले, ज्यांनी दारं लावली होती त्यांचीही दारं वाजवली आणि हातात पत्रक देत सांगत सुटले की सोलर सुरू झालंय, बादल्या भरा, संकोच करू नका, ते तुमचंच आहे!

वाचकहो, आयुष्यात पहिल्यांदा लोकांनी माझ्याकडून पत्रक हसून घेतलं. एकीने चहा विचारला. एका गृहस्थांनी तर, पोरगी कामाची आहे, असंही म्हटलं. आमचा सोडून अकराही फ्लॅटमध्ये एकदम नळ सुटले. मी जिन्यात उभी राहून तो खळखळाट ऐकत होते आणि मला वाटत होतं, हीच ती जनता.

पानसे दारात टॉवेलवर आले. मी पत्रक पुढे केलं. ते म्हणाले, "सोलरचा पाठपुरावा मी गेली चार वर्षं करतोय. पत्रकांनी पाणी तापत नाही." आणि आंघोळीला आत गेले.

थोड्या वेळाने पाणी तांबूस झालं. (इंजिनातला भंगारातला गंज.) जगदाळे आजींना ते कोकणातल्या कुंडासारखं औषधी वाटलं, त्यांनी दुसरी बादली गुडघ्यांवर ओतली. पानशांचा बादलीत भिजवलेला बनियन गुलाबी झाला. मग पाणी इतकं चटके देऊ लागलं की तिसऱ्या मजल्यावरून आरोळी आली. मग नळ खाकरले आणि बंद पडले. त्याच क्षणी वरचा आवाजही बंद पडला.

त्या शांततेत मला पप्पांचं दोनदा सांगितलेलं सगळं एकदम ऐकू आलं.

मी वर धावले. माझ्यामागे टॉवेल गुंडाळलेली, साबण लागलेली अर्धी विंग. गच्चीभर वाफ. टाकी रिकामी, इंजिन कोरडं, आणि पप्पा एका प्लास्टिकच्या खुर्चीत हात पुसत बसलेले. ते तेलाच्या काट्याकडे बघत होते. पाणी आटतंय हे सांगायला शेजारी कुणी नव्हतं. रोटरच्या टोकांना बारीक पट्ट्या असतात, इंजिन तापलं की आधी त्या जातात. त्या गेल्या होत्या. शेजारी दुसरी खुर्ची होती. तिच्यावरचं दुकानातलं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

पप्पा चिडले नाहीत. त्यांचा चेहरा काजळीने काळा आणि नुसता उजळलेला.

"सव्वीस मिनिटं चाललं," ते म्हणाले. "तू बघायला पाहिजे होतंस."

मी सात मागण्या केल्या होत्या. त्यांची एकच होती.

मागून पानसे पुढे आले, डोक्यावर फेस, अंगात घाईत चढवलेला तोच गुलाबी बनियन. त्यांनी इंजिनाकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं, पाइपवरून बोट फिरवत नेलं आणि सगळं उमगल्यावर विचारलं की हे परत कधी सुरू होईल. पप्पा म्हणाले की हे पाणी तापवायला नाही, उडायला आहे.

"मग उडेपर्यंत तरी तापवा," पानसे म्हणाले.

नोटीस त्याच आठवड्यात मागे घेतली गेली, 'उड्डाण होईपर्यंत'. माझ्या पत्रकाचा ठरावात उल्लेख नव्हता. त्यानंतर गच्चीवर कुणी आलं नाही. येण्यासारखं काय होतं, पाणी बंद होतं. पप्पांनी बोल्ट सोडले, चकत्या उतरवल्या, नव्या पट्ट्या मागवल्या. मी आता रविवारी वर जाते आणि दुसऱ्या खुर्चीत बसते. पहिल्या दिवशी मी त्यांना विचारलं की एवढे दिवस एकट्याने करमायचं कसं. ते म्हणाले, बोल्ट मोजायचो. अठरा आहेत. मोजून झाले की पुन्हा.

म्हणून एक विनंती आहे. तुमच्या घरात, शेजारी किंवा गच्चीवर कुणी एकटं काहीतरी जोडत बसलं असेल, तर त्याच्या हक्कांसाठी काही लिहू नका. ते काम मी बघते. तुम्ही जा आणि त्याच्यासाठी टॉर्च धरा. आत्ताच जा. खरं तर कधीच जायला हवं होतं, पण एवढं एक वाक्य सांगायला मला पुन्हा चार पानं लागली.