तिसरं आवतण

माझा आवाज मोठा आहे. माहेर मूर्तिजापूरचं, स्टेशनाला अगदी लागून. गाड्यांच्या वर आवाज चढवल्याशिवाय आमच्या घरात कोणी कोणाचं ऐकलं नाही. लग्न होऊन पातूरला आले, तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "सूनबाई, आमी बहिरे नाई." पण सवय काही गेली नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या तोंडाचा वाटा मोठा आहे.

सासरचा मळा गावाबाहेर होता. वांगी, मेथी, गवार, आणि कडेनं झेंडू. विहिरीवर मोट आणि मोटेला एक बैलजोडी. आमचे हे तीन भावांतले मधले. लग्नाला तीन वर्षं झाली, मुलगी अंगावर पीत होती, आणि हे अकोल्याला वांगी विकायला गेले ते पलटणीत नाव देऊनच परतले. भरतीवाल्यानं विचारलं, जनावर सांभाळता येतं का? यांनी हो म्हटलं. एवढंच मला सांगितलं. मी दोन दिवस भांडले, तिसऱ्या दिवशी दशम्या बांधून दिल्या.

यांना खेचरांच्या पलटणीत घातलं. ब्रह्मदेशाच्या डोंगरात मोटार चढत नसे. दारूगोळा, पीठ, प्यायचं पाणी सगळं खेचराच्या पाठीवरून वर जायचं. लढाई संपल्यावर हे घरी आले ते उजवा पाय ताठ घेऊन. सोबत एक डबी होती. तिच्यात चांदीचं पदक, त्यावर बादशहाचं तोंड, वर रंगीत फीत. आणि एक इंग्रजी कागद. गावात वाजत-गाजत आणलं त्यांना. जो तो विचारी, काय केलं तिकडे, सांगा की. हे म्हणत, "कागदात लिवलं हाये." लोकांना वाटे, काय नम्र माणूस आहे! मला वाटे, माणूस मुळातच घुमा, त्याला पदकानं काय वाचा फुटणार?

पण घुम्या माणसालाही दोन वेळा जेवायला लागतं. मोटेच्या उतारावर दिवसभर बैलांबरोबर खाली-वर करायचं, ते या पायाला जमेना. वाफ्यांत पाणी वळवायलाही उभं राहवेना. भाऊ काही बोलत नसत. जावाही बोलत नसत, पण भाकरी टोपल्यात टाकताना ज्या आवाजानं टाकत, तो मला कळत होता. मुलगी चार वर्षांची झाली होती. तिनं आपल्या बापाला बसून खाणारा म्हणून ओळखावं, हे मला सहन होणारं नव्हतं.

अशात पटवारी निरोप घेऊन आला. पोळ्यानंतर दहा दिवसांनी अकोल्याला मोठा समारंभ होता. जिल्ह्यातल्या पदकवाल्या जवानांचा सत्कार साहेबाच्या हातून व्हायचा होता. आणि त्यांच्यापैकी जे जायबंदी होते, त्यांना कचेरीत चपराशाच्या जागा मिळायच्या होत्या. चपराशी! बसायला स्टूल, अंगावर सरकारी पट्टा, महिन्याचा पगार. त्या दिवसापासून मी मनानं अकोल्यातच राहायला गेले. कोणत्या गल्लीत खोली घ्यायची आणि मुलीला कोणत्या शाळेत घालायचं, इथपर्यंत माझं ठरलं होतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे मळतात. ऊन पाण्यानं शेकायचे, वर लोणी-हळद चोळायची, आणि बैलाच्या कानाशी वाकून म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." घरच्या जावयालाही कोणी इतक्या मानानं बोलावत नाही. त्या वर्षी चार वर्षांनी प्रथमच हे घरी होते, म्हणून मान यांचा होता. दिवेलागणीची वेळ. मी गोठ्याच्या दाराशी कंदील धरून उभी. यांनी डाव्या बैलाला आवतण दिलं, उजव्याला दिलं. मग पाय ओढत तिसऱ्या खुंट्याकडे गेले. तो खुंटा रिकामा होता. तिथे वाकून, लोणी लावलेला हात हवेत धरून हे म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

सासूबाई माझ्यामागेच उभ्या होत्या. "बाप्पा!" त्या म्हणाल्या, "पोरगं खुंट्यासंग बोलून राहिलं वं माय!" आणि पदर तोंडाशी धरून आत गेल्या. मी कंदील खाली ठेवला.

"कोनाले बोलावून राहिले तुमी?"

"तिले."

"तिले म्हंजे कोनाले?"

तेव्हा यांनी सांगितलं. आमच्या संसारात हे इतकं सलग पहिल्यांदाच बोलले. ती यांची खेचरी. दोन वर्षं हिचीच देखभाल केली. शत्रूला चाहूल लागू नये म्हणून पलटणीतल्या खेचरांच्या गळ्याची नस कापत, त्यांचा आवाज काढून घेत. हिचाही काढला होता. तोंड उघडायची, पण नुसता वारा बाहेर यायचा. वर टेकडीवर आपल्या लोकांची चौकी वेढली गेली होती. हे दोनदा माल पोहोचवून आले. तिसऱ्या फेरीला वाटेत यांच्या मांडीत गोळी लागली आणि हे पडले.

"मंग तिची शेपटी हाती आली. मनगटाले गुंडाळली. मी नाई नेलं तिले, तिनंच मले नेलं. वर गेल्यावर लोकाइनं सामान उतरवलं अन् ती खाली बसली. तिच्या पोटात दोन गोळ्या होत्या. कवा लागल्या, मले मालूम नाई. तिले वरडता कुठं येत होतं? अन् पदक मले भेटलं. पोळ्याले बैलाचा मान करतो आपन. तिचा कोनं केला?"

हे सांगताना यांचा लोण्याचा हात तसाच पुढे होता. आज मला वाटतं, तो हात मी हातात घ्यायला हवा होता. तेव्हा माझ्या मनात काय आलं तर अकोल्याचा समारंभ. हा माणूस तिथे साहेबापुढे हेच बोलणार! पदक खेचराचं आहे म्हणणार! लोक हसणार, पदक परत घेणार, आणि जागा दुसऱ्याला देणार. मी म्हटलं, आणि हळू म्हटलं नाही, "हे आता बोलले ते बोलले. अकोल्याले एक अक्षर बोलान तर याद राखा."

"पन ते खोटं हाये."

"पोटाले खरं-खोटं समजते काय? पोरगी हाये आपली!"

आवाजानं मुलगी अंगणातून आत आली होती. मी तिला यांच्यापुढे उभी केली. "हिच्या डोक्स्यावर हात ठेवा. कोनाले सांगनार नाई म्हना. अन् हे खुंट्याचं आवतनबी पुन्हा नाई."

 यांनी हात धोतराला पुसला आणि मुलीच्या डोक्यावर ठेवला. दुसऱ्या दिवशी पुरणपोळ्या झाल्या. आवतण तिघांना गेलं होतं, पण मी बैलांची दोनच ताटं वाढली.

अकोल्याचा समारंभ थाटात झाला. मोठा शामियाना होता, बायकांना एका बाजूला सतरंजी अंथरली होती. सहा जवान रांगेत उभे होते आणि त्यांतले आमचे हे शेवटचे. साहेबानं पदक छातीवर लावलं. कारकुनानं मराठीत थोडक्यात वाचून दाखवलं, की या जवानानं जबर जखमी असतानाही खेचर हाकत वर नेलं आणि चौकी वाचवली. टाळ्या झाल्या. साहेब काहीतरी बोलला आणि कारकून म्हणाला, "साहेबांची इच्छा आहे, आपण दोन शब्द सांगावेत."

इतर पाच जणांना कोणी असं विचारलं नव्हतं. यांनी मान वळवली आणि बायकांच्या गर्दीत मला शोधलं. मुलगी माझ्या मांडीवर होती. मी यांच्या डोळ्याला डोळा दिला आणि हात उचलून तिच्या डोक्यावर ठेवला.

"कागदात लिवलं हाये, साहेब," हे म्हणाले.

पुन्हा टाळ्या झाल्या. दोन महिन्यांत जागा मिळाली.

पुढची वर्षं चांगली गेली, खोटं कशाला बोलू? अकोल्यात खोली झाली, मुलगी शाळेत गेली. स्वराज्य आलं, कचेरीच्या भिंतीवरची तसबीर बदलली, यांचं स्टूल तिथेच राहिलं. दर पोळ्याला आम्ही पातूरला जायचो. हे दोन्ही बैलांचे खांदे मळत, दोन आवतणं देत आणि हात धुऊन बाहेर येत. तिसऱ्या खुंट्याकडे बघतसुद्धा नसत. एकदा मीच म्हटलं, "आता द्या ना तिले आवतन. आता कोन येते आपली नौकरी घ्याले?"

"राहू दे," हे म्हणाले. "शपथ हाये."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते आणि भांडून मोकळी झाले असते.

हे गेल्यावर मी अमरावतीला मुलीकडे आले, राजापेठेत. शेजारी एक निवृत्त सुभेदार राहत. एक दिवस पेटी आवरताना मुलीनं ती डबी काढली आणि कागद त्यांना दाखवायला नेला. मी चौथी शिकलेली, मला इंग्रजी येत नाही, आणि आमच्यापैकी कोणी तो कागद कधी पूर्ण वाचून घेतला नव्हता. अकोल्याच्या कारकुनानं चार ओळींत सांगितलं तेवढ्यावर आमचं भागलं होतं. सुभेदार कागद घेऊन स्वतःच आमच्याकडे आले. मी त्यांना चहा दिला आणि इतक्या वर्षांचं पोटातलं सगळं सांगून टाकलं. शेपटीचंही सांगितलं. म्हटलं, पदक तसं खोटंच होतं हो.

सुभेदार हसले नाहीत. म्हणाले, "वहिनी, डोंगर चढताना शेपटी धरायला पलटणच शिकवते. त्यात लपवण्यासारखं काय? आणि पदक खेचर वर नेल्याबद्दल नाहीच मुळी." त्यांनी बोट ठेवून कागद वाचला. "हुकूम दोन फेऱ्यांचा होता. तिसरी फेरी नको, कोणी जिवंत पोहोचणार नाही, असं वरिष्ठांनी सांगितलं होतं. वर जखमींना पाणी नव्हतं. हे आपणहून गेले. पदक त्या जाण्याचं आहे."

हे मला यांनी सांगितलं नव्हतं. सांगणार कधी? गोठ्यात सांगत होते तेव्हा मी मधेच तोंड घातलं. तिसऱ्यांदा काहून गेले, एवढा एक प्रश्न विचारायचा होता. तो मला सुचला नाही, आणि नंतर तर मीच शपथ घालून दार लावलं होतं. तेवीस वर्षं मी एका शूर माणसाला जेवायला वाढलं आणि मनातून समजत राहिले, की आपण त्याचं खोटं झाकतो आहोत. मला फार रडू आलं. सुभेदार उठून गेले, मुलगी जवळ बसून राहिली.

त्या वर्षी पोळ्याला मी पातूरला गेले. मोट जाऊन विहिरीवर इंजिन आलं होतं, पण पुतण्यानं एक जोडी ठेवली होती. त्यानं खांदे मळले, आवतणं दिली. मग मी लोण्याची वाटी त्याच्या हातून घेतली आणि तिसऱ्या खुंट्याशी गेले. जावा बघत होत्या. बघू देत. शपथ यांची होती, माझी नव्हती. तिला हे काय नावानं हाक मारत, तेही मी कधी विचारलं नव्हतं. म्हणून मी नुसतं बाई म्हटलं, आणि आवाज मुळीच खाली केला नाही.

"बाई, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. अन् येतानी आमच्या यायलेबी संग आना. तुमाले वाट ठाऊक हाये."

दुसऱ्या दिवशी मी दोन ताटं जास्त वाढली.