साडेचारची गाडी

मला कॉलेजात शिस्तीचा माणूस म्हणतात. तोंडावर म्हणतात ते कौतुकानं आणि पाठीमागे म्हणतात ते कंटाळून, हे मला ठाऊक आहे. मी मात्र बरीच वर्षं दोन्ही कौतुकच समजत होतो.

बुलढाण्याच्या एका कॉलेजात मी मराठी शिकवतो. बारा वर्षांपूर्वी बी. ए.च्या शेवटच्या वर्गाला नाटकाचा प्रकल्प होता. लेखक कुणी एकटा नाही. बारा मुलामुलींनी मिळून नाटक रचायचं आणि मिळूनच करायचं. एकूण गुण पन्नास. पंचवीस प्रयोगाचे, ते बाहेरचे परीक्षक देणार. पंचवीस सहभागाचे, ते माझ्या हातात. एवढे गुण हातात आल्यावर माझी मान ताठ झाली नसती तरच नवल. मी एक हजेरीचा तक्ता केला. तालीम रोज चार ते सहा. पूर्ण वेळ थांबेल त्याला बरोबरची खूण, मध्येच जाईल त्याला लाल फुली.

पहिल्याच दिवशी धाड या बाजारगावाकडची एक मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "सर, मले साडेचारले निघा लागते. त्या गाडीनं गेली तरच धाडहून गावाले जायाले जीप भेटते."

"मग गुण कसे द्यायचे?"

"मले फर्स्ट क्लास पायजे, सर. बाबा म्हणतात, आला तर एम. ए.ले औरंगाबादले पाठवतो. तिकडे मावशी हाये माही."

"फर्स्ट क्लास पाहिजे तर थांबायला शिका," मी म्हणालो. हे वाक्य मला तेव्हा फार चांगलं जमलं असं वाटलं होतं. आज आठवलं की कान तापतात.

ती रोज साडेचारला दप्तर उचलून निघायची, आणि मी तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत फुली मारायचो. फुली जरा मोठीच मारायचो, बाकीच्यांना दिसावी म्हणून.

नाटक मात्र रंगत गेलं. आठवडी बाजाराचा एक प्रवेश होता. त्यात मेथीच्या जुड्या बांधता बांधता एक बाई मुलीचं लग्न ठरवून टाकते. आदल्या संध्याकाळी तो पार अडकलेला असायचा, मुलं ठोकळ्यासारखी उभी राहायची. दुसऱ्या दिवशी चारला बघावं तर तोच प्रवेश धावत सुटलेला. मी आदल्या दिवशी एवढंच म्हटलेलं असायचं, की जरा मोकळं बोला. आपल्या मार्गदर्शनाचा असा झटपट परिणाम बघून मी स्टाफरूममध्ये दोघातिघांना ऐकवलंही.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी सहभागाचे गुण कॉम्प्युटरवर भरायचे होते. त्याआधी मुलांनी एकमेकांना गुण द्यायचे, अशीही एक पद्धत होती. चिठ्ठ्या उघडल्या तर अकराच्या अकरा जणांनी त्या मुलीला दहापैकी दहा दिलेले. मी वर्गातच त्या चिठ्ठ्यांवर लाल रेघ ओढली. "मैत्री वेगळी, मूल्यमापन वेगळं," म्हणालो.

एक मुलगा उठला. "सर, ती सकाळच्या गाडीनं येते, तवा आमी..."

"सकाळचं मला सांगू नकोस. तालीम चारला असते."

"बस बे," ती त्याला हळूच म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "जाऊ द्या, सर."

मी जाऊ दिलं. पंचवीसपैकी नऊ भरले.

दुसऱ्या दिवशी प्रयोग संपल्यावर परीक्षकांनी मुलांना गोल करून बसवलं आणि विचारलं, तो बाजार कुणी उभा केला? सगळे एकदम तिच्याकडे वळले. मग सगळं बाहेर आलं. ती पहिल्या गाडीनं सातलाच यायची. तिच्यासाठी सगळेच सातला यायला लागले होते. शिपाई वर्ग उघडून द्यायचा, आणि संध्याकाळी अडकलेला प्रवेश ही मुलगी सकाळी सोडवायची. स्वतः भाजीवाली व्हायची, गिऱ्हाईक व्हायची, प्रत्येकाला त्याचं बोलणं त्याच्याच तोंडातून काढून द्यायची. मी दहाला यायचो. दोन महिने मी चारच्या तालमीत बघत होतो ते सकाळीच शिजलेलं होतं.

परीक्षकांनी मला बाजूला घेतलं. गुण दुरुस्तीचा एक फॉर्म असतो, प्राचार्यांची सही घेऊन आठवडाभरात देता येतो, म्हणाले. मी म्हणालो, आजच देतो. फॉर्म आणला, तिचा नंबर लिहिला. खाली रकाना होता: बदलाचे कारण. तिथं ‘शिक्षकाची चूक’ एवढंच लिहायचं होतं. त्याच महिन्यात माझी बढतीची मुलाखत होती. उद्या लिहू म्हणून फॉर्म ड्रॉवरमध्ये ठेवला. आठवडा गेला. विसरलो असं मी सांगू शकतो, पण विसरलो नव्हतो. रोज ड्रॉवर उघडत होतो, आणि फॉर्मच्या खालचा खडू काढून वर्गावर जात होतो.

तिचा फर्स्ट क्लास चार गुणांनी हुकला. मला बढती मिळाली.

गेल्या महिन्यात धाडच्या बाजारात गेलो होतो. पालेभाजीच्या ढिगामागून हाक आली, "सर! ओळखलं काय?" ओळखलं. मी नजर मेथीच्या जुड्यांवर ठेवली. तिनं मात्र उठून नमस्कार केला आणि शेजारी बसलेल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलीला पुढं ढकललं. "पाया पड, माहे सर हायेत." मुलगी वाकली. पाय मागं घ्यायलाही मला सुचलं नाही.

"शाळेच्या नाटकात हाये ही," ती माझ्या पिशवीत मेथी भरत म्हणाली. "मी तिले बजावून सांगतलं, तालीम सुटेपर्यंत हालायचं नाई. मी लवकर निघून जात होती ना, सर, म्हणून माहे मार्क गेले. बाबाले बी मी तेच सांगतलं. सरांचं काही चुकलं नाई, मीच कमी पडली."

मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती. आईचं खरं आहे का, ते तिला सरांकडून ऐकायचं होतं.

"हो," मी म्हणालो. "शेवटपर्यंत थांबायचं असतं."