साक्षीदार बशी

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचताना राग कोणावर काढायचा हे शोधत बसावं लागणार नाही. माझ्या साडूंइतका सावध माणूस अख्ख्या जपानात सापडणार नाही, आणि या देशात सावध माणसांची टंचाई आहे असं कोणी म्हणणार नाही. अशा माणसाच्या आयुष्यातली बहुधा एकमेव बेसावध पाच मिनिटं माझ्या वाट्याला आली, आणि तेवढ्यात मी त्यांच्या सगळ्या कामात माती कालवली.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते योकोहामाला राहतात आणि एका संस्थेत संशोधन करतात. उत्तर ध्रुवाजवळच्या बेटांवर बर्फ वितळून गोड्या पाण्याची लहान लहान तळी होतात. त्या तळ्यांत पाणपिसवा असतात, मोहरीच्या दाण्याएवढ्या, आरपार दिसणाऱ्या. या पाणपिसवांच्या पोटात प्लॅस्टिकचे बारीक कण आणि धागे जातात का, आणि गेले तर त्यांचं काय होतं, हा साडूंचा विषय. 'पिसू' हा शब्द मात्र त्यांना खपत नाही. ते त्यांना 'मुली' म्हणतात. "सगळ्या मुलीच असतात हो. उन्हाळाभर तळ्यात बहुधा एकही पुरुष नाही. म्हणून तर सगळं सुरळीत चालतं," असं ते सांगतात आणि माझ्याकडे पाहतात. एकदा आमच्याकडे पोहे खाता खाता त्यांनी मला सगळा विषय समजावला. "असं समजा, या बशीत अर्धे पोहे आणि अर्धा भुसा आहे. तुम्ही खाल्लंत, पोट भरलं, ढेकर आली. पण अंगाला काय लागलं? मग अंडी कुठून घालणार?" अंडी घालण्याची अपेक्षा माझ्याकडून आजवर कोणी केली नव्हती, आणि पोहे तर मी नेहमीच खात आलो होतो. "तिकडचा उन्हाळा जेमतेम काही आठवड्यांचा," ते म्हणाले, "त्यात एक खेप हुकली की वर्ष गेलं बिचारीचं." आणि उरलेले पोहे त्यांनी बाजूला सारले. बायकोला वाटलं, मीठ जास्त झालं.

धागा हा साडूंचा शत्रू. थंडीत गाडीत ते बसत नाहीत, दाराशी अंग चोरून उभे राहतात, कारण सीटवर दोन्ही बाजूंना फ्लीसची जाकिटं आणि अॅक्रिलिकचे मफलर असतात, म्हणजे सगळे प्लॅस्टिकचेच धागे. आमच्याकडे आले की सोफ्यावर आधी स्वतःची सुती चादर अंथरतात. स्वतःचे कपडे सगळे सुती आणि सगळे भगवे, तेही घरी बादलीत रंगवलेले. कारण असं की, नमुन्यात कधी भगवा धागा दिसलाच तर तो आपला, हे लगेच कळावं. बाल्कनीत ते कपडे वाळत पडले की खालच्या मजल्यावरच्या आजीबाई हात जोडतात. त्यांनी एकदा फार अदबीनं ताईंना, म्हणजे साडूंच्या बायकोला, विचारलं होतं की यजमान कोणत्या मंदिरात असतात. ताईंनी खुलासा केला नाही. "नाहीतरी घरात लक्ष नसतंच यांचं," असं त्या आम्हाला म्हणाल्या.

आणि तो अल्बम! घरी पाहुणा आला की साडू चिमटा घेऊन पुढे होतात, त्याच्या स्वेटरचा एक धागा उपटतात आणि काचपट्टीवर चिकटवून खाली नाव, कापड, तारीख लिहितात. नमुन्यात अनोळखी धागा सापडला की आधी अल्बमशी ताडून पाहायचा. माझे त्यात सात धागे आहेत, एक हातमोज्याचा. लोक पाहुण्यांचे फोटो ठेवतात, साडू धागे ठेवतात.

तर गेल्या जानेवारीत एका रविवारी त्यांचा मदतनीस आजारी पडला आणि त्यांनी मला बोलावलं. "सुती घालून या. फक्त सुती. बनियनसुद्धा." मी गेलो. त्यांनी मला जादाचा भगवा कोट दिला. प्रयोगशाळेत हीटर बंद, कारण त्याच्या वाऱ्यानं धागे उडतात. खोली अशी गार की ध्रुवावरच्या मुलींना घरच्यासारखं वाटलं असतं. त्या दिवशी मुली धुऊन, रसायनात विरघळवून, उरलेलं पाणी गाळायचं होतं. गाळणीच्या कागदावर जे राहील ते प्लॅस्टिक. गाळून झालेले कागद तीन काचेच्या बशांत उघडे मांडले होते. शेजारी चौथी बशी होती, तिच्यात नुसतं पाणी. एवढ्यात फाटकावरून फोन आला, कसलंतरी पार्सल होतं. "पाच मिनिटांत आलो. कशाला हात लावू नका," असं म्हणून साडू गेले.

मी दोन मिनिटं सहन केलं. मग दाराबाहेर ठेवलेल्या माझ्या बॅगेतून ऑफिसचा फ्लीस काढून कोटावर चढवला. तोयोसुच्या आमच्या कंपनीनं वाटलेला, फिरोजी रंगाचा, फार उबदार. हात चोळले, दंड चोळले, आणि अंगात ऊब आल्यावर कुतूहलही आलं, म्हणून बशांवर वाकून पाहिलं. कागदांवर मला काही दिसलं नाही, पण चौथ्या बशीत पाण्यावर एक फिरोजी धागा तरंगत होता. साडूंचं पाणी मी खराब केलं! मी ते पाणी सिंकमध्ये ओतलं, बशी त्यांच्या गाळलेल्या पाण्यानं धुतली, तेवढंच पाणी पुन्हा भरलं आणि फ्लीस बॅगेत कोंबला. साडू आले. "हात नाही ना लावलात?" "छे!" मी म्हणालो.

महिन्याभरानं त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. हातात फोन, फोनवर फोटो, तिन्ही कागदांवर फिरोजी धागे. अल्बममधल्या एकाही धाग्याशी ते जुळत नव्हते. "आणि साक्षीदार बशी कोरी!" साडू म्हणाले. ती पाण्याची बशी मुद्दामच उघडी ठेवतात, हे मला तेव्हा कळलं. खोलीतून काही उडालं तर तिच्यातही पडणारच. ती कोरी, म्हणजे धागे खोलीतले नाहीत, मुलींच्या पोटातलेच. "त्या तळ्याला जायला रस्ता नाही हो. माणूस राहत नाही तिथे. तिथवरही पोचलो आपण," असं म्हणताना त्यांचे डोळे भरून आले. एप्रिलमधल्या परिषदेत ते हेच मांडणार होते. मला आमटीचा ठसका लागून डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांना वाटलं, मला तळ्याचं वाईट वाटलं.

त्या दिवसापासून फ्लीस मला छळू लागला. टाकून द्यावा म्हटलं तर इथे कचऱ्याची पिशवी पारदर्शक. तरी एकदा टाकलाच, पण कपडे टाकायचा ठरलेला वार चुकला. आमच्या इमारतीच्या केअरटेकरनं तो व्यवस्थित घडी घालून दाराशी आणून ठेवला, वर चिठ्ठी की कपडे गुरुवारी. आणि गंमत पाहा, माफी मागणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा आहे. सॉफ्टवेअर बिघडलं की ग्राहकाला अहवाल लिहायचा: काय घडलं, कारण काय, पुन्हा घडू नये म्हणून काय करू. पंधरा वर्षं मी तेच लिहितो आहे. लिफ्टमध्ये, कोपऱ्यावरच्या कोंबिनी दुकानात, स्टेशनावर दिवसभर 'सुमिमासेन', म्हणजे 'माफ करा', म्हणतो. एकदा पेयांच्या मशीनला धक्का लागला तेव्हा त्यालाही म्हणालो. साडूंना मात्र नाही.

परिषदेच्या आधीच्या रविवारी दुपारी मी योकोहामाला गेलो. बॅगेत फ्लीस, हातात अहवाल. घटना: फ्लीस घातला. कारण: थंडी. उपाय: यापुढे थंडी सहन करीन. साडूंनी तो उभ्यानंच वाचला, आणि मला वाटलं, आता आकाश कोसळणार. ते हसले.

"साडूसाहेब, माणूस म्हणून तुम्ही भले, पण शास्त्र कच्चं आहे तुमचं. धागे तुमचे असते तर साक्षीदार बशीत पडले नसते का? ती कोरी होती. फिरोजी फ्लीस काय, जगात हजारो असतील." मग स्वयंपाकघराकडे वळून ते ताईंना म्हणाले, "अहो, ऐकलंत का, चहा टाका! दोन महिने झोप नाही म्हणे यांना."

म्हणजे मी सुटलो होतो. चहा पिऊन, वर प्रामाणिकपणाचं कौतुक घेऊन घरी जाता आलं असतं. बशीचं मी अहवालात लिहिलंच नव्हतं. विसरलो होतो, असं म्हणायची सोय नाही. पंधरा वर्षं अहवाल लिहिणाऱ्याला काय गाळायचं ते नीट कळतं.

"बशीतही पडला होता," मी म्हणालो. "मी पाणी बदललं."

ताई चहा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. साडूंनी चिमटा उचलला, फ्लीसचा धागा उपटला आणि जेवणाच्या टेबलावरच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मग फोनवरचा फोटो शेजारी धरला. बराच वेळ ते कधी फोटोत, कधी भिंगात पाहत राहिले. शेवटी चष्मा काढून सुती रुमालानं पुसला.

"परिषदेला कळवायला हवं," ते म्हणाले. मग, जवळजवळ स्वतःशीच, "म्हणजे मुलींच्या पोटात नव्हतं ते. निदान हे तरी नव्हतं." काचपट्टीवर त्यांनी माझं नाव लिहिलं, कापड लिहिलं, तारीख लिहिली. जानेवारीतली. अल्बम मिटता मिटता विचारलं, "त्या दिवशी फार थंडी वाजत होती का हो? सांगायचं नाही का? कपाटात सुती गोधडी होती."

ग्राहकांसाठी पाठ केलेली सगळी वाक्यं त्या क्षणी माझ्या डोक्यातून निघून गेली.

"चुकलं माझं, साडूभाऊ," मी म्हणालो.