ठेकेदारांचा पक्का रंग

काम न करणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण न झालेलं काम झालंच आहे अशी समोरच्याची खात्री पटवून वर त्याच्याकडूनच आल्याचा चहा पिणारा माणूस अख्ख्या काशीत एकच आहे, आणि तो आमच्या घराला रंग द्यायला आला होता. आम्ही त्यांना नुसतं ठेकेदार म्हणतो. गंगेपलीकडे रामनगरला राहतात, कायम पांढऱ्याशुभ्र कुर्त्यात असतात. रंगकाम करणाऱ्या माणसाच्या कुर्त्यावर रंगाचा एक ठिपका नाही, हे पाहूनच मी सावध व्हायला हवं होतं. पण आमचे हे म्हणाले, "बघ, किती टापटिपीचा माणूस!" आणि मी चहा टाकायला गेले.

रंगाची घाई होती ती ऋचासाठी. ऋचा आमची एकुलती एक मुलगी, हैदराबादला नोकरी करते. तिथेच तिला निखिल भेटला, पुण्याचा. मुलांचं आपसांत ठरलं होतं, निखिलच्या आईचं मात्र ठरत नव्हतं. काशीतल्या दूधविनायकच्या गल्लीत पिढ्यानपिढ्या राहिलेल्या आम्हां लोकांना मराठी म्हणावं की नाही, अशी त्यांना शंका असावी. एकदा फोनवर माझ्या तोंडून भाजीऐवजी "सब्जी" गेलं, तर पलीकडे इतकी शांतता पसरली की मला वाटलं फोनच कटला. शेवटी त्या म्हणाल्या, "एकदा येऊन घर बघून घेतो, मग बोलू." देवदिवाळीनंतरचा रविवार ठरला. घर बघणार म्हटल्यावर मी आधी भिंतींकडे पाहिलं. भिंतींना पावसाळ्यातली ओल आलेली, पोपडे सुटलेले. ठेकेदारांना मी हात जोडून सांगितलं, "भैया, बेटी की शादी की बात है. इतवार से पहले सब हो जाना चाहिए." ते म्हणाले, "भाभीजी, समझिए हो गया."

हे "समझिए हो गया" आम्ही त्यानंतर उठताबसता ऐकलं. काम सुरू करण्याआधी ठेकेदार भिंतीवर तळवा टेकवून डोळे मिटून उभे राहत. मग हळू आवाजात सांगत, "अभी पानी छोड़ रही है. इसको तंग मत कीजिए." आणि शेजारच्या खोलीतल्या भिंतीला तंग करायला निघून जात. एक खोली पुरी करून मग दुसरी घ्यावी, हा विचार त्यांच्या मनाला कधी शिवलाच नाही. सगळ्या खोल्या एकदम उघड्या पडल्या. पलंग स्वयंपाकघरात, गॅस व्हरांड्यात, देव दिवाणावर आणि आम्ही दोघं जमिनीवर. मीठ शोधायचं तर आधी ताडपत्री उचलावी लागे. मी वैतागून विचारलं तर म्हणाले, "हर कमरे को लगना चाहिए न, कि उसका भी नंबर आया है." आणि आमचे हे तर मान डोलावून "बरोबर आहे" म्हणाले!

रंगाचंही तसंच. आम्ही पुस्तकात पाहून हलका बदामी निवडला होता. भिंतीवर चढला तो चक्क गुलाबी. "सूखने दीजिए, बदामी हो जाएगा." वाळल्यावर तो जास्तच गुलाबी झाला. "धूप में देखिए." आमच्या गल्लीत दोन छत्र्या शेजारून जात नाहीत, तिथे ऊन भिंतीपर्यंत कुठून येणार? ह्यांना विचारलं, तर ह्यांना बदामीच दिसत होता. मग माझाच माझ्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला. डब्यातून एक बदाम काढून मी भिंतीला लावून पाहिला. बदाम बदामी होता आणि भिंत गुलाबी होती. ठेकेदारांनी तो बदाम हातात घेतला, उलटसुलट करून नीट पाहिला, "ये पुराना बादाम है" म्हणाले आणि खाऊन टाकला.

एवढं असूनही त्यांचा राग येत नसे, हीच खरी अडचण. चहा पिता पिता ते ह्यांच्याकडून सगळी चौकशी करत. मुलगा काय करतो, नाव काय, स्वभावाला कसा आहे. ऋचाचा फोटो पाहून म्हणाले होते, "बिटिया के लिए तो हम अपने हाथ से करेंगे." मला वाटलं, उरलेल्या भिंती स्वतः रंगवणार असतील. एक साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. काशीत लग्नघराच्या दाराभोवती भिंतीवर चित्रं काढतात. गणपती, कलश, मासे, सोंड उचललेले हत्ती, आणि नवरानवरीची नावं. ठेकेदारांचे वडील हेच काम करायचे आणि ठेकेदारही त्यांच्या हाताखाली शिकलेले. आता लोक फ्लेक्स लावतात, म्हणून ते घरं रंगवू लागले.

रविवारी सकाळी मी दूध आणायला दार उघडून गल्लीत उतरले आणि मागे वळून पाहिलं. दाराच्या दोन्ही बाजूंना हत्ती उभे होते. वर गणपती. आणि एका बाजूला सुरेख वळणदार अक्षरांत, "ऋचा संग निखिल". रात्रभर जागलेले ठेकेदार पायरीवर बसून शेवटच्या माशाला डोळा काढत होते. अख्ख्या घरात पूर्ण झालेलं काम तेवढं एकच होतं.

"अहो, अजून काही ठरलं नाहीये!" मी मराठीतच ओरडले. मग हिंदीत सांगितलं. ठेकेदारांनी गोंधळून कुंचला खाली ठेवला. "पर भाभीजी, आप ही तो बोलीं, बेटी की शादी की बात है." मी ओलं फडकं आणून नाव पुसायला लागले. एक अक्षर हलेना. "नहीं जाएगा," ते म्हणाले. या प्रसंगातही त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता. "पक्का रंग है."

मी फडकं हातात घेऊन उभी असतानाच पाहुणे गल्लीच्या वळणावर दिसले. निखिलच्या आईंनी चष्मा लावला आणि दाराशेजारचा मजकूर सावकाश वाचला. "अरे वा," त्या म्हणाल्या, "म्हणजे तुमचं ठरलेलंच आहे. आम्हांला उगाच बोलावलंत." मी फडकं पाठीमागे लपवलं. ठेकेदार हात जोडून पुढे झाले, "माताजी, गलती हमारी है, इन लोगों को मालूम नहीं था." पण रंगाऱ्याने सांगून ते खरं कोण मानणार? पाहुण्यांनी चहा घेतला, गुलाबी भिंतींकडे पाहिलं, "कळवतो" म्हणाले आणि गेले.

त्यांनी कळवलं नाही. निखिलने आईसाठी थोडा वेळ मागितला, आणि वेळ मागता मागता तोच दूर गेला. नाव पाहून मोडलं, भिंती पाहून मोडलं, की मोडायचंच होतं, हे मला आजतागायत समजलेलं नाही. मी रात्रंदिवस रडले. शेजारणी नाव वाचून विचारायच्या, "कब है शादी?" ठेकेदार तर गल्लीत फिरकेनासेच झाले.

ऋचा होळीला आली. पोर निम्मी झाली होती. दारातून येता-जाता मान खाली घालायची. दुसऱ्या दिवशी ठेकेदार दारात हजर. कुणी बोलावलं होतं देव जाणे, आमचे हे मात्र माझ्याकडे पाहायचं टाळत होते. ठेकेदार तिच्यासमोर खाली मान घालून उभे राहिले. "बिटिया, कहो तो सब मिटा दें."

ऋचाने मान वर करून भिंतीकडे पाहिलं. "माझं नाव का मिटवायचं?" ती म्हणाली. "चाचा, मेरा नाम रहने दीजिए. घर तो मेरा भी है. वो दूसरा निकाल दीजिए."

दिवसभर ते खरवडत, पुट्टी भरत बसले. जेवायलाही उठले नाहीत. त्यांच्या कुर्त्यावर रंगाचे डाग मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. संध्याकाळी त्यांनी हाक मारली. निखिलचं नाव गेलं होतं, आणि त्या जागी हिरवागार, गुबगुबीत पोपट बसला होता. "इतनी जगह खाली अच्छी नहीं लगती," ते म्हणाले. "संग" पुसायचं मात्र ते विसरले होते. त्यामुळे आता भिंतीवर होतं, "ऋचा संग", आणि पुढे पोपट.

मी कपाळाला हात लावला. पण ऋचाने ते वाचलं आणि तिला हसू फुटलं. हसता हसता ती पायरीवरच बसली, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. किती महिन्यांनी मी तिचं हसणं ऐकत होते! ठेकेदार आधी घाबरले, मग तेही हसले, आणि मीही.

त्याच रात्री निघताना तिने पोपटाच्या पंखाला बोट लावलं. ओला आहे, हे सांगायचं राहून गेलं. हैदराबादला पोचल्यावर तिचा फोन आला, "आई, बोटाचा हिरवा रंग काही जात नाहीये गं." मी म्हटलं, राहू दे.

हे ठेकेदारांना सांगितलं, तेव्हा ते आमच्या स्वयंपाकघरात, अर्ध्याच रंगवलेल्या गुलाबी भिंतीला टेकून चहा पीत होते. "कहा था न, भाभीजी," ते म्हणाले, "पक्का रंग है." या एका बाबतीत तरी त्यांनी शब्द पाळला याचं मला फार बरं वाटलं.