टेबलावरचं बोलणं

पत्त्यांचा अड्डा चार वर्षं चालला की जिंकलेले डाव कुणाला आठवत नाहीत, मारलेल्या थापा मात्र साठत जातात. प्रतापनगरला माझ्या घरी दर रविवारी दुपारी आम्ही चौघं पोकर खेळतो. चिंचोक्यांवर! मी रेल्वेतून रिटायर झालेला, घडियाळी पोळमधले दुकानदार जयेशभाई, शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या करमरकर बाई आणि विधुर शिर्के.

नियम बाईंचे. स्वतःच्या पत्त्यांबद्दल वाट्टेल ते खोटं बोला. पण कुणी डाव सोडला, म्हणजे ‘पॅक’ केलं, की त्याचे पत्ते उलटून बघायचे नाहीत.

*

तिसरा नियम जयेशभाईंमुळे आला. ऐन रंगात फोन कानाला लावून ते ओरडले, “अरे! उषा बाथरूममां पडी गई!”

आम्ही घाबरून पत्ते टाकले. त्यांनी शांतपणे सगळे चिंचोके ओढले. तेवढ्यात त्यांच्या पत्नी उषाबेन खमणची थाळी घेऊन दारात!

“घरच्यांच्या नावाने थाप बंद,” बाई म्हणाल्या आणि पहिलं खमण उचललं.

*

शिर्के थाप मारायला लागले की त्यांचे कान लाल होतात. हे त्यांना कुणीतरी सांगितलं (मीच). पुढच्या रविवारी ऐन मे महिन्यात, डाव वाढवता वाढवता त्यांनी खिशातून माकडटोपी काढून घातली.

आम्ही तिघांनीही “शो” मागितला, म्हणजे पत्ते उघडायला लावले!

*

बाईंची तऱ्हा वेगळी. “माझ्याकडे दोन एक्के आहेत,” असं त्या सरळ सांगायच्या. आम्ही हसायचो. एक्के निघायचे. असं तीनदा झालं. चौथ्यांदा आम्ही मुकाट पॅक केलं, तर बाईंकडे काहीच नव्हतं.

“तीनदा शिकवलं, मग परीक्षा घेतली,” म्हणाल्या.

*

गेल्या महिन्यातली गोष्ट. शिर्केंची मुलगी त्यांना कायमचं अहमदाबादला बोलावत होती. त्यांचं काही ठरत नव्हतं. विषय काढला की ते पत्ते पिसायला घ्यायचे. खरं सांगतो, मला रविवारची धास्ती वाटायला लागली होती.

त्या दिवशी मी आणि जयेशभाई आधीच पॅक. उरले शिर्के आणि बाई. शिर्केंनी होते नव्हते तेवढे चिंचोके पुढे सरकवले.

“मुलीला उद्या कळवायचंय. हा डाव मी जिंकलो, तर जाऊ की थांबू, ते बाईंनी सांगायचं.”

“ब्लफ छे, बाई! शो मागो!” जयेशभाई म्हणाले.

बाई बराच वेळ शिर्केंच्या कानांकडे बघत राहिल्या. कान नेहमीच्याच रंगाचे होते.

“पॅक,” म्हणत त्यांनी पत्ते पालथे ठेवले आणि चहा टाकायला उठल्या. साखर कमी घाला, हे सांगायला शिर्के त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. चार वर्षं ते तीन चमचे साखर घेत आलेत.

मी पहिल्यांदाच नियम मोडला. बाईंचे पत्ते उलटले. तीन राण्या!

जयेशभाईंनी शिर्केंचे उलटले. साधी जोडीसुद्धा नव्हती.

आतून हसण्याचा आवाज आला. जयेशभाईंनी घाईघाईने सगळे पत्ते गड्डीत मिसळले.

“साहेब, आपणे कशुं जोयुं नथी.”

“काहीच बघितलं नाही,” मीही म्हणालो.